ट्राम आली, पण दुकान टिकलं का?

*रस्त्यात ट्रामसाठी वेगळी लेन काढायची म्हटलं, की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते शहर सुधारेल, दुसरी म्हणते धंदा बसेल. टोरांटोमधल्या तीन रस्त्यांची गोष्ट वाचलीत, तर लक्षात येईल की भांडण भलत्याच गोष्टीवरून चाललंय.*

तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावर कधी मेट्रोचं, ड्रेनेजचं किंवा उड्डाणपुलाचं काम निघालंय? निघालं असेल तर चित्र पाठ असेल. एका रात्रीत पत्र्याची भिंत उभी राहते. बसस्टॉप दोनशे मीटर पुढे सरकतो. फुटपाथच्या जागी एक फळी येते. आपण काय करतो? दोन दिवस शिव्या घालतो आणि तिसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीनं जायला लागतो. आपल्यासाठी विषय संपला.

पण पत्र्याच्या मागे एक झेरॉक्सवाला असतो, एक ज्यूस सेंटर असतं, एक टेलर असतो. त्यांना मागच्या गल्लीनं जाता येत नाही. काम संपतं, रस्ता चकाचक होतो, आपण पुन्हा तिथून जायला लागतो आणि बघतो तर झेरॉक्सच्या जागी मोबाइल कंपनीचं शोरूम. ‘अरे, इथे काका होते ना?’ एवढं म्हणून आपण पुढे जातो.

ते काका गेले कुठे, आणि त्यांना घालवलं कुणी? नव्या गाडीनं, नव्या लेननं, की खोदकामानं? प्रश्न साधा आहे, पण उत्तर काढणं अवघड. कारण बहुतेक ठिकाणी या गोष्टी एकदमच घडतात. त्या वेगवेगळ्या करून बघायच्या असतील, तर कॅनडातल्या टोरांटोसारखं शहर नाही. आज तिथे शिकायला गेलेला एखादा सीनियर तुमच्याही ओळखीचा असेल. त्याला विचारा, तो रोज ‘स्ट्रीटकार’नं, म्हणजे ट्रामनं फिरत असेल.

ज्या शहरानं ट्राम ठेवली

मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली आणि विषय संपला. टोरांटोमध्येही जवळपास हेच होणार होतं. १९६६ मध्ये तिथल्या परिवहन मंडळानं ट्राम हळूहळू बंद करायचं ठरवलं होतं. नागरिकांनी रेटा लावला आणि १९७२ मध्ये हा निर्णय फिरवला गेला. त्यामुळे आज उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं टोरांटोमध्ये आहे.

पण ट्राम ठेवली, तरी तिची अडचण राहिलीच. बहुतेक रस्त्यांवर ट्राम आणि मोटारी एकाच लेनमधून जातात. पुढची मोटार वळणासाठी थांबली, की तिच्यामागे शंभर-सव्वाशे माणसांची ट्राम थांबते. बसला निदान बाजूनं काढता येतं, ट्राम रूळ सोडून जाणार कुठे? उपाय उघड आहे: ट्रामला स्वतःची राखीव लेन द्यायची. पुण्यातल्या वाचकांना बीआरटी आठवली असेल. तत्त्व तेच, फक्त बसच्या जागी ट्राम.

आणि बीआरटीसारखाच राडा तिथेही झाला.

रस्ता पहिला : सेंट क्लेअर

सेंट क्लेअर अॅव्हेन्यू वेस्ट हा शहराच्या मध्यभागातला पूर्व-पश्चिम रस्ता. यावरून ५१२ नंबरची ट्राम धावते. रस्त्याच्या एका तुकड्याला ‘कोर्सो इतालिया’ म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली इटालियन कुटुंबं इथे स्थिरावली. १९८२ मध्ये इटलीनं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा याच रस्त्यावर लाखोंची गर्दी उतरली होती. कॉफीबार, चपलांची दुकानं, लग्नाच्या कपड्यांची दुकानं, बेकऱ्या असा हा बाजार. दुकान खाली आणि माणसं वर राहणारी, असे दुमजली-तिमजली वाडेच म्हणा ना.

गंमत अशी, की या रस्त्यावर राखीव लेन नवी नव्हतीच. १९१३ मध्ये इथे ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचे रूळ मोटारींपासून वेगळेच होते. १९२८ ते १९३५ दरम्यान मोटारींना जागा हवी म्हणून ती लेन काढून टाकली. पुढे रूळ जुने झाले, बदलायची वेळ आली. ‘रूळ उखडणारच आहोत, तर लेनही वेगळी करू’ असा विचार झाला आणि २००४ मध्ये नगर परिषदेनं त्याला मंजुरी दिली.

दुकानदार आणि रहिवाशांचा एक गट याच्या विरोधात उभा राहिला. ‘सेव्ह अवर सेंट क्लेअर’ हे त्यांचं नाव. त्यांचे मुद्दे काय होते? पार्किंग कमी होणार. दोन लेनमध्ये उंचवटा आला, की समोरच्या बाजूच्या दुकानात यायला गाडी लांबून वळवून आणावी लागणार. (तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे आपल्याकडे उजवीकडे वळताना जो खोळंबा होतो, तो तिथे डावीकडे वळताना होतो.) चौकांत फुटपाथ अरुंद होणार. आणि काम सुरू असताना गिऱ्हाईक फिरकणार नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये कोर्टानं काम थांबवलं. नंतर त्या खंडपीठातल्या एका न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न आला, निकाल रद्द झाला, नव्या खंडपीठापुढे सुनावणी झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये महापालिकेच्या बाजूनं निकाल लागला. पण या सगळ्यात बांधकामाचा एक मोसम गेला. टोरांटोमधला हिवाळा आठवा: जमीन गोठते, काँक्रीटचं काम करणं कठीण होतं. तिथे एक मोसम हुकला, की सरळ पुढच्या वर्षावर जातं.

मग सुरू झाली खरी कहाणी. रूळ बदलायचे तर रस्ता खणायचा. रस्ता खणतोच आहोत, तर खालची जुनी पाण्याची पाइपलाइनही बदलून घेऊ. विजेच्या तारा खांबांवरून लोंबकळतात, त्याही जमिनीखाली टाकू. फुटपाथ, दिवे, झाडंही करून टाकू. प्रत्येक सूचना एकटी बघितली तर शहाणपणाचीच होती. पण ट्रामचं खातं वेगळं, विजेची कंपनी वेगळी, पाण्याचं खातं वेगळं, रस्त्याचं वेगळं. एकाचं काम लांबलं, की पुढचा खोळंबला. सगळ्यांच्या वर बसून वेळापत्रक पाळायला लावेल असा एक माणूसच नव्हता. आपल्याकडे डांबर टाकल्यावर आठवड्यानं केबलवाला येऊन खणतो, त्यावर आपण मीम करतो. तो प्रकार ‘फॉरेन’लाही होतो, हे लक्षात ठेवा.

काम टप्प्याटप्प्यानं पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेलं. जात्यातले रडत होते आणि सुपातले आपला नंबर कधी येतो ते बघत होते. शेवटी ३० जून २०१० रोजी ट्राम पुन्हा पूर्ण मार्गावर धावली. सुरुवातीचा अंदाज होता सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर. खर्च झाला सुमारे १० कोटी ६० लाख. त्याच वर्षी एक चौकशी अहवाल आला. त्याचा सूर असा होता, की अडचण ट्रामच्या कल्पनेत नव्हती. वाढत गेलेली कामांची यादी, खात्यांमधला नसलेला समन्वय आणि लोकांशी तुटलेला संवाद यांनी घोटाळा केला.

मग रस्त्याचं काय झालं? ट्राम पूर्वीपेक्षा वेळेवर धावू लागली. विचवूड भागातल्या ट्रामच्या जुन्या शेड २००८ मध्येच कलाकेंद्र आणि शनिवारचा शेतकरी बाजार होऊन बसल्या होत्या. पुढच्या वर्षांत नव्या इमारती उठल्या, नवी रेस्टॉरंटं आली. आज सेंट क्लेअरवर फिरणाऱ्या नव्या माणसाला इथे एवढी लढाई झाली होती हे सांगूनही खरं वाटणार नाही.

मग दुकानदार उगाच ओरडत होते का? थांबा. निष्कर्ष काढायची घाई नको. सेंट क्लेअरवर लेनही आली आणि खोदकामही झालं. नुकसान कशानं झालं आणि भलं कशानं झालं, हे इथे वेगळं काढता येत नाही. प्रॅक्टिकलमध्ये दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सर काय म्हणतात? ‘रीडिंग पुन्हा घ्या.’

तर पुन्हा घेऊ.

रस्ता दुसरा : किंग स्ट्रीट (फक्त लेन, खोदकाम नाही)

किंग स्ट्रीट टोरांटोच्या अगदी डाउनटाउनमधला रस्ता. ऑफिसं, थिएटर, हॉटेलं, सगळं इथे. २०१७ पूर्वी इथल्या ट्राममधून रोज सुमारे ७२ हजार लोक प्रवास करायचे, आणि याच रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी होत्या साधारण २० हजार. तरी ट्राम मोटारींच्या मागे रांगेत! कित्येकदा चालत जाणारा माणूस ट्रामच्या पुढे निघायचा.

१२ नोव्हेंबर २०१७ ला महापालिकेनं सुमारे अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात एक प्रयोग सुरू केला. रस्ता खणला नाही. रंग मारला, पाट्या लावल्या, काँक्रीटचे ठोकळे ठेवले. नियम एवढाच: मोटार या रस्त्यावर येऊ शकते, पण सरळ पुढे जाऊ शकत नाही, बहुतेक चौकांत तिनं उजवीकडे वळून बाहेर पडायचं. रस्त्याकडेची सुमारे १८० पार्किंगची ठिकाणंही गेली.

हॉटेलवाले भडकले. एका रेस्टॉरंटवाल्यानं त्या हिवाळ्यात दाराबाहेर बर्फाचं शिल्प उभं केलं: मधलं बोट वर केलेला भलामोठा हात! फोटो अर्थातच व्हायरल. टेबलं रिकामी आहेत, गिऱ्हाईक गाडी घेऊन दुसरीकडे जातंय, अशी त्यांची तक्रार होती.

महापालिकेनं दोन गोष्टी केल्या. एक, जवळच्या पार्किंगमध्ये आणि किंग स्ट्रीटवरच्या जेवणावर सवलती दिल्या. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, मोजमाप केलं. ट्रामला किती वेळ लागतो, किती माणसं चढतात, आणि दुकानांतल्या कार्ड मशीनवर किती पैसे पडतात, सगळं मोजलं आणि जाहीर केलं. रोजचे प्रवासी ७२ हजारांवरून सुमारे ८४ हजारांवर गेले. दुकानांतला एकूण खर्च कोसळला नाही, साधारण तेवढाच राहिला. एप्रिल २०१९ मध्ये ही व्यवस्था कायम झाली.

आता इथे नीट वाचायला हवं. ‘एकूण तेवढाच’ म्हणजे ‘प्रत्येकाचा तेवढाच’ नव्हे. वर्गाचं सरासरी मार्कांत काही बदल झाला नाही, म्हणून तुमचा मित्र नापास झालाच नाही असं होतं का? काही हॉटेलांचं नुकसान झालं असणारच. पण नुसती लेन आली म्हणून अख्खा रस्ता मेला, असं घडलं नाही एवढं नक्की.

दुकानदारांच्या भीतीमागे आणखी एक गंमत आहे. २००९ मध्ये याच शहरातल्या ब्लूर स्ट्रीटच्या एका भागात एक पाहणी झाली. दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीनं येतात? मग थेट गिऱ्हाइकांनाच विचारलं, तुम्ही कसे आलात? दुकानदारांच्या अंदाजापेक्षा खरा आकडा बराच कमी निघाला: गाडीनं येणारे दहातले एकच. बाकीचे चालत, सायकलनं, ट्राम किंवा मेट्रोनं आलेले. असं का होतं? गाडीवाला गिऱ्हाईक लक्षात राहतो, कारण पार्किंग मिळालं नाही म्हणून तो दारातच कुरकुर करतो. चालत आलेला गुपचूप बिल देऊन जातो.

रस्ता तिसरा : एग्लिंटन (फक्त खोदकाम)

आता उलटं उदाहरण. एग्लिंटन अॅव्हेन्यूवर नव्या लाइट रेलचं काम २०११ मध्ये सुरू झालं. ही ट्रामचीच मोठी बहीण समजा. रस्त्याच्या पश्चिम भागात ‘लिटल जमैका’ नावाची वस्ती आहे. कॅरिबियनमधून आलेल्या लोकांनी तिथे सलून, रेकॉर्डची दुकानं, शिंपी, खानावळी उभ्या केल्या. रेगे संगीताच्या इतिहासात या गल्लीचं नाव आहे.

या पट्ट्यात गाडी जमिनीखालून जाते. म्हणजे वरच्या रस्त्यावर कायमची लेन आलीच नाही. पण स्टेशनांसाठी मोठमोठे खड्डे घ्यावे लागले, रस्ता अडवावा लागला, दुकानांसमोर वर्षानुवर्षं पत्रे उभे राहिले. मार्ग २०२० मध्ये सुरू करायचं ठरलं होतं. ती मुदत गेली. पुढची गेली. त्याच्या पुढचीही गेली.

परिणाम? या काळात लिटल जमैकामधली शंभराहून जास्त दुकानं बंद पडल्याच्या बातम्या तिथे आल्या. २०२० नंतर करोनाचा फटकाही त्यात आहे, सगळं पाप खोदकामाच्या माथी मारता येणार नाही. पण करोना आला तेव्हा ही दुकानं आधीच नऊ वर्षं खड्ड्याच्या काठावर होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. प्रांतिक सरकारनं मदत जाहीर केली, तीही २०२० मध्ये. नऊ वर्षांनी आलेली मदत ज्यांच्यासाठी होती, त्यातले किती जण ती घ्यायला उरले असतील?

तीन रस्ते शेजारी ठेवून बघा. जिथे लेन आली पण खोदकाम झालं नाही, तिथे रस्ता तगला. जिथे लेन नाही पण खोदकाम वर्षानुवर्षं चाललं, तिथे वस्ती पोखरली गेली. आणि जिथे दोन्ही झालं, तिथे रस्ता सावरला, पण मधल्या पाच वर्षांत टिकलेल्यांसाठीच. शाळेतल्या प्रयोगाइतकं हे नीटनेटकं नाही, प्रत्येक रस्त्याची परिस्थिती वेगळी आहे. पण बोट कुठे जातंय ते स्पष्ट दिसतं. दुकान ट्रामनं मरत नाही. ते ट्रामची वाट बघताना मरतं.

शंभर रुपयांचं गणित

‘थोडे दिवस धंदा कमी होईल, त्यात काय एवढं?’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक सोपा हिशोब. कॉमर्सवाल्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

समजा, एका दुकानात रोज शंभर रुपयांची विक्री होते. माल आणायला साठ रुपये जातात. भाडं, पोऱ्याचा पगार, लाइट बिल मिळून तीस. हातात राहतात दहा. आता समोर खोदकाम सुरू झालं आणि विक्री वीस टक्क्यांनी घटली. ऐंशीची विक्री, मालाचे अठ्ठेचाळीस, आणि भाडं-पगार-लाइट? ते तीसच. पत्रे लागले म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही. हातात राहिले दोन. म्हणजे विक्री घटली वीस टक्के, कमाई घटली ऐंशी टक्के! विक्री पंचवीस टक्क्यांनी घटली, की कमाई शून्य. तीस टक्के घट झाली, की दुकानदार रोज खिशातले दोन रुपये घालून दुकान उघडतोय.

असं तीन महिने निभतं. बायकोचे दागिने, मेहुण्याची उसनवारी, क्रेडिट कार्ड. तीन वर्षं निभत नाही. मोठ्या साखळी दुकानाची एक शाखा तोट्यात गेली तर बाकीच्या शंभर शाखा तिला पोसतात. काकांची शाखा एकच.

आणि पुढचा भाग जास्त क्रूर आहे. काम संपतं, ट्राम धावते, रस्ता ‘हॅपनिंग’ होतो. मग जागेचा भाव वाढतो. टोरांटो ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टॅरिओत दुकानांच्या भाड्यावर सरकारी मर्यादा नाही. करार संपला, की मालक मागेल ते भाडं. म्हणजे ज्यानं पाच वर्षं धूळ खाल्ली तो बाहेर, आणि ज्याच्याकडे नवं भाडं द्यायची ऐपत आहे तो आत. जागा ज्याच्या मालकीची, त्याला ट्रामचा फायदा. जो भाड्यानं आहे, त्याला खोदकामाचा तोटा. एकाच दुकानाच्या एका दाराची ही दोन नशिबं.

म्हणून ‘ट्राम आल्यावर रस्त्याची भरभराट झाली’ हे वाक्य खरं असूनही अपुरं असतं. भरभराट झाली, पण कुणाची? सुरुवातीला होती त्यांचीच का?

बिल कुणाच्या नावावर?

प्रकल्पाचा खर्च सांगताना काय काय मोजतात? रूळ, काँक्रीट, तारा, मजुरी, सल्लागारांची फी. झेरॉक्सवाल्याचा तोटा त्यात नसतो. तो खर्च होतच नाही असं नाही. तो होतो, फक्त सरकारच्या वहीत नाही, त्याच्या वहीत. आणि कागदावर प्रकल्प स्वस्त दिसतो, तो काही अंशी त्याच्या जिवावर.

कायदा काय म्हणतो? २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात ऑन्टॅरिओमधल्या एका ट्रक थांब्याची केस आली. नवा महामार्ग झाला आणि जुन्या रस्त्यावरच्या त्या थांब्याकडे ट्रक येईनासे झाले. न्यायालयानं मालकाला आधी मंजूर झालेली सुमारे ३ लाख ९३ हजार डॉलरची भरपाई पुन्हा बहाल केली. त्यामागचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे: सार्वजनिक कामाचा थोडाफार त्रास प्रत्येकानं सोसायचा असतो, पण सगळ्यांच्या सोयीचा अवाजवी भार एकट्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. मात्र कामाच्या काळातली तात्पुरती गैरसोय साधारणपणे ‘सोसायच्या’ रकान्यात जाते. आता सांगा, नऊ वर्षं म्हणजे तात्पुरती का?

यावर उपाय नाहीत असं नाही. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहराची गोष्ट बघा. तिथे लीथ वॉक नावाच्या रस्त्यावर ट्रामच्या आशेनं पहिल्यांदा खोदकाम झालं, पाइप-केबल हलवले, दुकानदारांनी सगळं सोसलं. मग पैसे संपत आले आणि मार्गच अर्ध्यावर तोडला. २०१४ मध्ये शहरात ट्राम सुरू झाली, पण लीथपर्यंत पोचलीच नाही. खड्डा मिळाला, ट्राम नाही! २०१९ मध्ये तोच रस्ता दुसऱ्यांदा खणायची वेळ आली, तेव्हा महापालिका शहाणी झाली होती. दुकानदारांच्या मदतीसाठी पैसे आधीच प्रकल्पाच्या बजेटमध्ये धरले. दुकानांचा माल उतरवायला वेगळी ठिकाणं केली. जून २०२३ मध्ये ट्राम तिथे पोचली. कॅनडातल्याच माँट्रिअलनं मोठ्या कामांमुळे ज्यांचा नफा घटला, त्या दुकानदारांना हिशोब बघून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे द्यायची योजना आणली.

यात रॉकेट सायन्स काहीच नाही. पाइप, वीज, रूळ, फुटपाथ या सगळ्यांवर एकच जबाबदार माणूस असावा. रस्ता लहान तुकड्यांत खणावा आणि एक तुकडा पुरा केल्याशिवाय पुढचा उघडू नये. दुकानात जायची वाट रोज, दिसेल अशी, उघडी असावी. आणि मदतीचा पैसा काम सुरू होताना द्यावा, श्राद्धाच्या दिवशी नव्हे.

असं केलं नाही तर काय होतं, हेही टोरांटोनंच दाखवलं. सेंट क्लेअरचं काम आटोपलं त्या वर्षी महापौरपदाची निवडणूक होती. रॉब फोर्ड यांनी प्रचारात सेंट क्लेअरच्या गोंधळाकडे बोट दाखवलं, निवडून आले, आणि पदावर येताच शहरभर लाइट रेलचं जाळं उभारायची आधीची योजना रद्द झाल्याचं जाहीर करून टाकलं. चांगल्या कल्पनेची वाईट अंमलबजावणी झाली, की लोक अंमलबजावणी विसरतात आणि कल्पनेचा राग धरतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. पण त्याचं जळत असताना बाकीच्यांनी बघितलं नाही, तर पुढे धुराचा त्रास सगळ्यांनाच होतो. शहराला हवी असलेली गाडी आणखी दहा वर्षं लांबते.

तुम्ही काय करू शकता?

भरपूर. तुमच्या भागात अशा कामाची नुसती घोषणा झाली असेल, तर हीच वेळ. पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी ‘सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम’ हा विषय शंभर जणांनी घेतलेला असेल. तो सोडा. चार मित्र घ्या आणि रस्त्याच्या एका तुकड्यातली दुकानं मोजा. मालक कोण, भाडेकरू कोण, दुकान किती वर्षांचं, गिऱ्हाइकं कशी येतात: चालत, बसनं, टूव्हीलरवर, गाडीतून? दुकानदाराला विचारा आणि गिऱ्हाइकालाही विचारा, ब्लूर स्ट्रीटवर विचारलं तसं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. नाव लिहायची गरज नाही, दुकानाचा प्रकार पुरे. तारीख मात्र लिहा.

मग काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तीच यादी घेऊन पुन्हा जा. वर्षानं पुन्हा. तुम्ही पास होऊन गेलात तर ज्युनिअर्सकडे सोपवा.

याचा उपयोग? किंग स्ट्रीटवर भांडण मिटलं ते आकड्यांमुळे. आकडे आधीपासून घेतलेले होते, म्हणून तुलना करता आली. आपल्याकडे काम संपल्यावर दुकानदार म्हणतो ‘बुडालो’, अधिकारी म्हणतो ‘सगळं सुरळीत होतं’, आणि दोघांकडेही आधीचा कागद नसतो. वॉर्ड ऑफिसात, नगरसेवकासमोर किंवा सुनावणीत ‘कामाच्या आधी या पट्ट्यात बेचाळीस दुकानं होती, आज एकतीस आहेत’ असं तारखेसकट सांगणारा कुणी उभा राहिला, तर त्याला ‘बघू’ म्हणून वाटेला लावणं सोपं नसतं.

आणि तोवर एक छोटी गोष्ट, जिला ना प्रोजेक्ट लागतो ना गाईड. पत्र्याच्या मागचं दुकान उघडं असेल, तर पाच मिनिटांचा फेरा मारून प्रिंटआउट तिथूनच काढा.